पोरगं इंजिनिअरिंगला गेलं, पण ते विचारतं कुणाला?



बारावीचे निकाल लागले, सीईटीचे आकडे हाती आले, की माझ्याकडे येणाऱ्या मंडळींचे प्रश्न बदलतात. एरवी विषय असतो हुमणीचा, करप्याचा, नाही तर ठिबकच्या अनुदानाची फाइल कुठे अडली याचा. पण जून-जुलैमध्ये, ऐन पेरणीच्या धांदलीत, बांधावर उभे राहून लोक मला विचारतात, "साहेब, पोराला कॉम्प्युटरला घालू का आयटीला? ती एआयची नवी शाखा निघालीय म्हणतात, ती कशी?" मी शेतीचा पदवीधर. तरी घरातली आणि भावकीतली चार पोरे या वाटेने गेलेली पाहिली आहेत, म्हणून ठाऊक आहे तेवढे सांगतो. कॅपच्या फेऱ्या, कोणते कॉलेज यादीत वर लिहायचे, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळे लोक खोदून खोदून विचारतात. प्रवेश झाला की पेढे येतात आणि प्रश्न संपतात.

माझ्या मते खरा प्रश्न तिथून सुरू होतो. पोरगं चार वर्षे मुंबईला राहणार. तिथे ते अडले तर विचारणार कुणाला? आज मी तुमच्याशी एवढ्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे.

आता बहुतेक सर्व अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रत्येक पोराच्या नावापुढे एका प्राध्यापकाचे नाव लिहिलेले असते. कुठे त्यांना मेंटॉर म्हणतात, कुठे फॅकल्टी ॲडव्हायझर, कुठे मार्गदर्शक शिक्षक. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीच्या तीन आठवड्यांचा एक कार्यक्रम आखून दिला. त्यात साधारण वीस मुलांमागे एक शिक्षक असावा, आणि ते नाते तीन आठवड्यांनी न संपता पदवीपर्यंत टिकावे, असे सांगितले आहे. या शिक्षकाचे काम वर्गात शिकवण्याचे नव्हे. या सत्रात कोणते विषय घ्यावेत, राहिलेल्या विषयांपैकी आधी कोणता सोडवावा, ऐच्छिक विषय कोणता धरावा, सुट्टीत कामाचा अनुभव कुठे घ्यावा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की नाही, आणि पोराच्या मनावर काही ओझे आहे का, हे पाहण्याचे ते काम आहे.

आम्हा कृषी पदवीधरांना हे नवे नाही, हे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेतल्या जमीन-अनुदानित विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. पंतनगरचे पहिले, १९६० सालचे. त्यांच्याबरोबरच सत्र, क्रेडिट आणि सल्लागार शिक्षक ही पद्धतही इकडे आली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मी शिकत होतो तेव्हा दर सत्राच्या सुरुवातीला एक कार्ड भरावे लागे, आणि त्यावर सल्लागार सरांची सही लागे. आमचे सर सही करण्याआधी चष्मा वर करून विचारीत, "मागच्या वेळी स्टॅटिस्टिक्समध्ये काय झालं होतं?" तेवढ्या एका प्रश्नाने आम्हाला घाम फुटे. इंजिनिअरिंगची मुले मात्र त्या काळी या जाचातून मोकळी होती. त्यांचे सगळे विषय आधीच ठरलेले असत. निवड नाही, म्हणून सल्लाही नाही.

मुंबईतले जुने उदाहरण घ्या. दादरहून माटुंग्याकडे चालत गेले तर वाटेत व्हीजेटीआयची इमारत लागते. ही संस्था १८८७ साली भायखळ्याला सुरू झाली आणि १९२३ साली माटुंग्याला आली. विक्टोरिया राणीच्या नावाने सुरू झालेल्या या संस्थेला १९९७ साली वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले. ती निघाली तेव्हा परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरण्यांना कापडाचे आणि यंत्रांचे जाणकार हवे होते. तिथे शिकणाऱ्याने काय शिकायचे ते गिरणीच्या गरजेवरून ठरलेले असे. आणि गिरणीत अंगठा उठवून लागणाऱ्या आपल्या सातारा-रत्नागिरीच्या माणसालाही शिकवणारा कुणी तरी असे. साचेखात्यात नवे पोरगं आले की जॉबर त्याला एखाद्या जुन्या कामगाराच्या हाताखाली देई. जॉबरचे सगळेच काही चांगले नव्हते. तो भरती करी, हातउसने देई, आणि त्याच्या बदल्यात पुष्कळ काही घेईही. पण नवे पोरगं विचारायचे कुणाला, हा प्रश्न तिथे नव्हता. माझे थोरले चुलते लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. ते परत कामावर गेले नाहीत. आज त्या गिरण्यांच्या जागांवर काचेच्या इमारती आहेत, आणि आपली पोरे इंजिनिअर होऊन तिथे कॉम्प्युटरवर बसायची स्वप्ने पाहतात.

कॉम्प्युटरच्या विषयाचे आणखी एक वेगळेपण आहे. आपल्या देशात बनलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. नरसिंहन यांच्या हाताखालच्या मंडळींनी तयार केला. तो १९६० साली चालू झाला आणि पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. ज्यांनी तो बांधला त्यांच्यापैकी कुणाकडे कॉम्प्युटरची पदवी नव्हती, कारण तशी पदवीच देशात नव्हती. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांनी १९९१ साली परम हा महासंगणक पुढे आणला. त्यांचेही शिक्षण नागपूरला इंजिनिअरिंगचे झाले, पण कॉम्प्युटरच्या शाखेचे नव्हे. तेव्हा विचारायला माणूस नव्हता. आज उलटे झाले आहे. सांगणारे फार झाले आहेत. वर्गातली पोरे सांगतात, जाहिरात सांगते, मोबाइलवरचा कुणी तरी हसत हसत सांगतो की सहा महिन्यांत एआय शिका आणि लाखाची नोकरी घ्या. यंदा आल्याला भाव आला म्हणून पुढच्या वर्षी सगळा तालुका आले लावतो, मग काय होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

माझ्या बहिणीच्या मुलाची गोष्ट सांगतो. कॉलेजचे नाव लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात हेच घडू शकले असते. पाटण तालुक्यातले गाव, दीड एकर जमीन, दोन गाई आणि एक म्हैस. पोरगं बारावीपर्यंत पहिल्या तिघांत. मध्य मुंबईतल्या कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला आणि दाजींनी गावजेवणच घालायचे बाकी ठेवले. राहायची सोय लालबागला, गावकीच्या खोलीत. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो, गिरणगावात आणि गिरगावातही अशा खोल्या गावागावांनी गिरणीच्या काळात घेऊन ठेवल्या. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, प्रत्येकाची एक ट्रंक, आणि जेवण खानावळीचे. आता तिथे दहा-बारा पोरे राहतात. कुणी सिक्युरिटीत आहे, कुणी पार्सल पोहोचवतो, कुणी भरतीची तयारी करतो.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. भाच्याचे दोन विषय राहिले, एक गणित आणि दुसरा प्रोग्रॅमिंग. घरी त्याने सांगितले, निकाल अजून लागायचा आहे. महिना गेला, तरी निकाल लागायचाच होता. ताईला संशय आला तो निकालाचा नव्हे. ती मला म्हणाली, "अरे, तो हल्ली जेवलास का विचारलं तर नुसतं हं म्हणतो. आधी खानावळवालीच्या आमटीची नक्कल करून दाखवायचा."

मला कार्यालयाच्या कामाने मुंबईला जायचेच होते. काम आटोपून मी लालबागला उतरलो. मसाल्याच्या गल्लीतून मिरचीचा खाट नाकात घेत खोलीवर पोहोचलो, तर पोरगं गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. पुढ्यात वही, आणि वहीत प्रोग्रॅम लिहिलेले, सुवाच्य अक्षरात, पाठ करण्यासाठी. तासभर इकडचे तिकडचे बोलल्यावर तो म्हणाला, "मामा, मी परत येतो. दाजीकाकाच्या पोल्ट्रीवर बघतो काही तरी. अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलंय, ते चार वर्षं वाढण्यापेक्षा आताच थांबलेलं बरं." मी त्याला शिकवण काही दिली नाही. एकच विचारले, "तुझ्या मेंटॉर कोण?" त्याने नाव सांगितले. भेटलास किती वेळा? एकदाही नाही. मेंटॉरच्या डायरीवर दर महिन्याला सही लागते. ती वर्गातला एक मुलगा सगळ्यांच्या डायऱ्या गोळा करून आणून देतो.

"का नाही गेलास?"

"मॅडमनी बोलावलं नाही. आणि आपणहून गेलो तर त्यांना वाटेल, यानं काही तरी केलंय."

वाचकहो, या एका वाक्यावर थोडे थांबा. आपल्या गावच्या शाळेत गुरुजींनी खोलीत बोलावले म्हणजे काय, हे आपण सगळे जाणतो. आपल्या पोराच्या मनात शिक्षकाचे दार आणि शिक्षा ही एकाच ठिकाणी ठेवलेली आहेत. शहरातले, शिकलेल्या आईबापांचे मूल पहिल्याच आठवड्यात "सर, दोन मिनिटं" म्हणून आत जाते. त्याची हुशारी जास्त असते असे नाही. त्याने घरी बापाला साहेबांशी बोलताना पाहिलेले असते. आपले पोरगं मर्यादेने बाहेर उभे राहते, आणि ती मर्यादा त्याला महाग पडते. शेतीतही मी ३० वर्षे हेच पाहतो आहे. ज्याला कृषी सहायकाकडे जायची सवय आहे तो दोन पाने पिवळी पडली तरी येतो. ज्याला संकोच आहे तो सगळा प्लॉट बसल्यावर येतो, आणि तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडेच उरते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. मॅडमच्या खोलीबाहेर एका कागदावर भेटीचे वार आणि वेळ लिहून चिकटवले होते. सहा महिने तो कागद तिथेच होता. मॅडम पंचेचाळिशीच्या, गिरगावच्या चाळीत वाढलेल्या. मी बाहेर थांबतो म्हणालो, तर त्यांनी भाच्यालाच विचारले, "मामांना आत बोलावू का? तुझी इच्छा असेल तरच." तो हो म्हणाला, म्हणून मी आत बसलो.

त्यांनी मार्कांचा कागद पालथा घालून ठेवला. आधी विचारले, झोपतोस किती वाजता, अभ्यासाला बसतोस कुठे, लॅपटॉप आहे का, वर्गात कुणाशी बोलतोस. खोलीत रात्री एकपर्यंत दिवा आणि टीव्ही, सत्र परीक्षा गणपतीच्या आगेमागे, आणि लालबागचे गणपती म्हणजे काय ते मुंबई पाहिलेल्याला सांगायला नको. लॅपटॉप नाही. वर्गातले इंग्रजी कानावरून जाते, म्हणून प्रोग्रॅम पाठ करतो. हे सगळे निघाले. मग त्यांनी विचारले, "घरी दूध डेअरीला घालता का? मग बिल कसं निघतं, मला मराठीत सांग." पोरगं एकदम सरळ बसले. लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर, त्याच्या खाली आले की दर कसा तुटतो, दहा दिवसांचे बिल कसे होते, हे त्याने न अडखळता सांगितले. मॅडमनी कागदावर तसेच लिहून घेतले आणि त्याच्याकडे वळवला. "फॅट साडेतीनपेक्षा कमी असेल तर, हे तुझं इफ. दहा दिवसांची दहा बिलं, हा तुझा लूप. तू आत्ता प्रोग्रॅमच सांगितलास. पाठ करायचं काय होतं त्यात?"

पुढे त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या खिशातल्या वहीत टिपून घेतले. दोन्ही विषयांची परीक्षा पुन्हा द्यायची, पण जोर आधी प्रोग्रॅमिंगवर. कारण पुढच्या वर्षीचा डेटा स्ट्रक्चर्स हा विषय त्यावरच उभा आहे आणि त्याच्यावर पुढचे निम्मे विषय. गणितासाठी आठवड्यातून दोनदा अमुक सरांच्या जादा तासाला बसायचे. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते, तिथे रोज एक लहान प्रोग्रॅम स्वतः लिहायचा, चालला नाही तरी लिहायचा. अभ्यासाला खोलीत न बसता अभ्यासिकेत किंवा दादरला वाचनालयात बसायचे. आणि दाजी त्याला एका खासगी क्लासला घालायच्या बेतात होते, एआयच्या, ६० हजार रुपये फी. त्याला त्यांनी स्पष्ट नाही म्हटले. "ज्याला लूप येत नाही त्याने ते घेऊन काय करायचं? नंतर हवं वाटलं तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट आहेत." मला हे ऐकून बरे वाटले. मलाही गेली पाच-सहा वर्षे दर हंगामात कुणी तरी हजार रुपयांची बाटली दाखवून विचारतो, "साहेब, हे टॉनिक मारू का?" आणि बहुतेक वेळा जमिनीत नत्रच कमी असते.

एक गोष्ट मात्र मॅडमनी करायला नकार दिला. मी म्हणालो होतो, निकालाचे तुम्हीच फोनवर त्याच्या वडिलांना सांगाल का, तुमच्या शब्दाला वजन आहे. त्या म्हणाल्या, "नाही. तो अठरा वर्षांचा आहे. घरी त्याने सांगायचं. त्यानंतर वडिलांना माझ्याशी बोलायचं असेल तर मी आहे." रात्री त्याने गॅलरीतून फोन लावला. मी आत बसून ऐकत होतो. दोन विषय राहिले, हे तो एका दमात बोलून गेला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग दाजी म्हणाले, "म्हैस व्याली काल. रेडी झाली." आणि थोड्या वेळाने, "बरं, मग आता मॅडम काय म्हणतात?"

प्रोग्रॅमिंग त्या उन्हाळ्यात सुटले. गणिताला आणखी एक सत्र लागले.

सगळीकडे असेच चांगले माणूस भेटेल, असे मी म्हणणार नाही. वीस मुलांमागे एक शिक्षक हे कागदावर आहे. प्रत्यक्षात एकेका शिक्षकाकडे शिकवणे, पेपर तपासणे, मानांकनाच्या फायली आणि त्यावर ही मुले असतात. काही जण नुसत्या सह्याच करतात. आमच्या खात्यात एका कृषी सहायकाकडे तीन-चार गावे असली की काय होते ते तुम्ही पाहताच. अशा वेळी पोराने हात टेकू नयेत. ज्या विषयात गती आहे त्या विषयाचे शिक्षक, प्रयोगशाळेतले जुने सहायक, वरच्या वर्गातली आपल्या भागातली मुले, यांपैकी कुणी ना कुणी ऐकून घेतो. विभागप्रमुखांकडे अर्ज करून मेंटॉर बदलूनही मागता येतो, त्यात अपमान कुणाचाच नाही. आणि पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, बोलायचे थांबले असेल, तर विषयाचा सल्ला नंतर. त्यासाठी कॉलेजात समुपदेशक असतात, आणि सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

पोराने सल्ला मागायला जाताना काय घेऊन जावे, याबद्दल मला थोडे अधिकाराने बोलता येईल. मातीचा नमुना कसा घ्यावा हे मी हजार वेळा सांगितले असेल. बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची तर नकोच. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्या, सगळी माती एकत्र करा, चार भाग करत करत अर्धा किलो आणा. तरीही काही जण काळीभोर, चांगली दिसणारी माती उचलून आणतात, जणू प्रयोगशाळा त्यांच्या जमिनीला बक्षीस देणार आहे. अहवाल छान येतो आणि पीक तसेच राहते. आपली मुलेही मॅडमपुढे चांगली मातीच नेतात. "सगळं ठीक आहे, मॅडम." मग मॅडम तरी खत कशाचे सांगणार? कोणत्या धड्यापासून समजेनासे झाले, आठवड्यात किती तास वाया जातात, घरून पैसे कधी येतात, हे खरे खरे एका कागदावर लिहून न्यावे.

आणि आपण घरच्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, मार्क किती पडले हे विचारण्याच्या आधी, मेंटॉरचे नाव काय आणि शेवटचा कधी भेटलास, हे विचारावे. नाव सांगता आले नाही तर समजावे. दुसरे, अटीकेटी म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. तिचे नियम विद्यापीठागणिक आणि स्वायत्त कॉलेजागणिक वेगळे असतात. शेजारच्याच्या पोराला चार विषय राहून पुढे जाता आले म्हणून आपल्यालाही जाता येईल, असे धरू नये. नियमांची पुस्तिका कॉलेजच्या संकेतस्थळावर असते, ती पोराकडून मराठीत समजून घ्यावी. ऊसतोडणीला, भातकापणीला बोलावताना आधी परीक्षेच्या तारखा विचाराव्यात. दोन मजूर जास्त लावणे स्वस्त पडते. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ही अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीची योजना आहे, शाहू महाराजांच्या नावाची शुल्क सवलत आहे, आणि २०२४ सालापासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. हे अर्ज महाडीबीटीवर दर वर्षी नव्याने पुढे चालू करावे लागतात. भाच्याचा अर्ज पहिल्या वर्षी तारखेला दोन दिवस उरले असताना भरला गेला, तोही मॅडमनी विचारले म्हणून.

मुलीला कॉम्प्युटरला पाठवलेल्या घरांना एक वेगळे सांगणे आहे. पुष्कळदा आपण तिला बजावून पाठवतो, कुणाशी जास्त बोलू नकोस. त्यात मेंटॉर सरांशीही बोलायचे नाही, असा अर्थ ती काढते. तिला स्पष्ट सांगा की अभ्यासासाठी शिक्षकाकडे जाणे हे तिचे कामच आहे, आणि सरांऐवजी मॅडम हव्या असतील तर तसे मागता येते.

तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक विषय सुरू होतात. इथे पुन्हा सल्ल्याची गरज लागते, आणि इथेच जाहिराती पुन्हा कान धरतात. मशीन लर्निंग, सायबर सुरक्षा, क्लाउड, ही नावे आज चालतात, चार वर्षांनी दुसरी चालतील. मला वाटते निवड नावावरून न करता, मागच्या दोन वर्षांत कोणत्या विषयात पोराचे मन लागले यावरून व्हावी. पण हे माझे मत झाले. कोणता विषय कशावर उभा आहे हे मॅडमना माहीत असते.

भाचा आता तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, ऐच्छिक विषयाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. मॅडम म्हणाल्या, दोन विषय निवड आणि का निवडले ते अर्ध्या पानात लिहून आण, मग बोलू. इमेज प्रोसेसिंग घेऊ का?" मी म्हटले, ते मला विचारू नकोस, अर्धे पान लिही आणि मला वाचायला पाठव. त्याने पाठवले. भुईमुगाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून रोग ओळखता येईल का, ते त्याला करून पाहायचे आहे. सोबत ताईने शेतातून काढलेला एक फोटोही जोडला होता. लिहिले चांगले होते. फक्त फोटोत टिक्का होता आणि त्याने तांबेरा लिहिले होते. तेवढे दुरुस्त करून मी कागद परत पाठवला.